शिळा पत्ता : संगणकाच्या स्मरणाचा एक छोटा इतिहास



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण ज्या गोष्टीचा इतिहास सांगायचा ती वयानं फार थोर नाही. पन्नासएक वर्षांचीच आहे. संगणक एखादा पत्ता लक्षात ठेवतो, पुढे तो पत्ता बदलतो, आणि संगणक मात्र जुनाच पत्ता धरून बसतो. ही अडचण जन्माला कशी आली, लोकांनी तिच्यावर कोणकोणते उपाय शोधले, आणि आज आपल्यासमोर ती उभी राहिली तर दोष नेमका कुठं आहे हे कसं शोधायचं, एवढं आज सांगायचं आहे. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे मधे एकदोनदा न्यायशास्त्रही डोकावेल. ते उगाच आणलेलं नाही, हे पुढे कळेल.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचं विभाजन झालं आणि हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. आज त्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. त्या दिवशी कुणाचं घर हललं नाही, कुणाचं शेत हललं नाही. पत्त्यातली शेवटची ओळ तेवढी बदलली : ‘जि. परभणी’च्या जागी ‘जि. हिंगोली’ आलं. आता प्रश्न असा, की दूरच्या एखाद्या माणसानं जुन्या वहीत बघून ‘जि. परभणी’ असं लिहून पत्र टाकलं, तर ते पोहोचेल की नाही? पोहोचेल. कारण पत्त्याखाली पिन कोड असतो. हिंगोलीचा ४३१५१३. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवीही होते. पिन कोडातले आकडे टपाल कोणत्या विभागातून, कोणत्या वाटेनं, कोणत्या डाकघरात न्यायचं ते सांगतात. महसुली जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून ते बदलायचं कारण नाही. म्हणजे टपालात नाव बदललं तरी आकडा टिकतो, आणि आकडा टिकतो म्हणून पत्र पोहोचतं.

संगणकाच्या जाळ्यात हे बरोबर उलटं आहे, बरं का. तिथं नाव टिकतं आणि आकडा बदलतो. आपण संकेतस्थळाचं नाव टंकतो. ते स्थळ ज्या यंत्रावर ठेवलेलं असतं त्या यंत्राला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. यंत्र बदललं, नवं घेतलं, दुसऱ्या शहरात नेलं, की आकडा बदलतो. नाव तेच राहतं. लोकांना कळूही नये, अशीच अपेक्षा असते. आजच्या विषयाची सगळी गोम या उलट्या रचनेत आहे.

आता हे कुणाला नडतं ते पाहू. समजा, एका गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली आहे. आज शेवटची तारीख आहे. ज्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, ते काल रात्री नव्या यंत्रावर हलवलं. केंद्रातला संगणक मात्र जुन्या आकड्याचंच दार वाजवतो आहे. तिथं आता कुणी नाही. केंद्रचालक सांगतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ उद्या तारीख उलटलेली असणार. आणि गंमत म्हणजे तिच्याच मोबाइलवर तेच संकेतस्थळ बिनबोभाट उघडतं आहे. सर्व्हर बंद नाही. केंद्रचालक खोटं बोलत नाही. संगणकही खोटं बोलत नाही, तो आठवणीतलं सांगतो आहे. पण तिचं वर्ष मात्र जाऊ शकतं. म्हणून हा विषय नुसता तंत्रज्ञांचा नाही.

आता इतिहासाकडे वळू.

अमेरिकेत १९६९ मध्ये अर्पानेट नावाचं जाळं सुरू झालं. आरंभी त्यात इतके थोडे संगणक होते, की कुणाचा आकडा कोणता हे प्रत्येक ठिकाणचे लोक आपापल्या यादीत लिहून ठेवत. याद्या एकमेकींशी जुळेनात. म्हणून १९७३-७४ च्या सुमारास ठरलं, की एकच अधिकृत यादी असावी. ती ठेवण्याचं काम कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राकडे आलं. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवा संगणक जोडायचा तर त्यांच्या केंद्राला कळवायचं, ते यादीत नोंद करणार, आणि जगभरातल्या यंत्रांनी ती यादी अधूनमधून उतरवून घ्यायची. त्या यादीच्या फाइलचं नाव होतं होस्ट्स डॉट टीएक्सटी.

या रचनेतला दोष आपल्यातल्या कुणाही तलाठ्याला चटकन दिसेल. मूळ वही एक आणि नकला शेकडो. मूळ वहीत आज दुरुस्ती झाली, पण आमची नकल गेल्या आठवड्यातली. नकलेवर कुठंही लिहिलेलं नाही, की ही अमुक दिवसापर्यंतच ग्राह्य धरावी. नकल जुनी झाली आहे हे नकलेकडे बघून कळत नाही. यंत्रं वाढत गेली तशी यादी लांबत गेली, ती उतरवून घेण्याचा भार वाढला, आणि हाती येईपर्यंत ती शिळी होऊ लागली.

१९८३ च्या नोव्हेंबरमध्ये पॉल मोकापेट्रिस या संशोधकानं दोन टिपणं प्रसिद्ध केली आणि नव्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. तिलाच आपण डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस म्हणतो. त्यात दोन कल्पना होत्या. पहिली अशी, की एकच मोठी वही नको. प्रत्येकानं आपापल्या नावांची वही आपणच सांभाळावी, आणि विचारणाऱ्यानं वरून खाली विचारत यावं : आधी मुळाला, मग देशाच्या नावाच्या वहीला, मग संस्थेच्या वहीला. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ‘डॉट इन’ हे भारताचं नाव १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि आरंभीची बरीच वर्षं त्याची वही मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेनं सांभाळली. सामान्य माणसाला आपल्या देशात इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे नावाची वही आधी आली आणि माणसं मागून आली.

दुसरी कल्पना आमच्या दृष्टीनं जास्त खोल आहे. प्रत्येक वेळी मुळापासून विचारत बसलं तर जाळं तुंबेल. म्हणून एकदा मिळालेलं उत्तर विचारणाऱ्यानं जवळ ठेवावं. या ठेवणीला कॅश म्हणतात. रोकड नव्हे, लपवून ठेवलेला साठा असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पण मोकापेट्रिसनं साठ्याला एक अट घातली. उत्तर देणारा उत्तराबरोबरच सांगेल, की ही माहिती किती सेकंद ग्राह्य धरायची. या आकड्याला टीटीएल म्हणतात. आपण त्याला आयुर्मर्यादा म्हणू. ८६४०० लिहिलं तर एक दिवस, ३०० लिहिलं तर पाच मिनिटं, शून्य लिहिलं तर साठवूच नका.

यातलं नवेपण लक्षात घ्या. आठवण किती दिवस खरी मानायची हे आठवणाऱ्यानं ठरवायचं नाही, ज्याच्याबद्दलची माहिती आहे त्यानं ठरवायचं. होस्ट्सच्या यादीत नेमकी हीच सोय नव्हती.

१९८७ मध्ये ही टिपणं सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. त्यात एक व्यवहारी सल्ला आहे. साधारण यंत्रासाठी मर्यादा काही दिवसांची असावी. पण बदल होणार हे आधीच ठाऊक असेल तर बदलापूर्वी मर्यादा कमी करावी, बदल करावा, आणि मग ती पूर्ववत वाढवावी. छत्तीस-सदतीस वर्षांपेक्षा जुना हा सल्ला आहे. तो पाळला गेला असता तर आपल्या केंद्रातल्या त्या मुलीला उद्या या म्हणावं लागलं नसतं.

आता थोडं न्यायशास्त्र. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन भाग केले आहेत : स्मृती आणि अनुभव. जे केवळ संस्कारातून उमटतं ती स्मृती, आणि तिच्याहून वेगळं ते अनुभव. आणि प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, हे नाव यथार्थ अनुभवालाच दिलं. विद्यार्थी नेहमी विचारत, की आठवण बरोबर असली तरी तिला प्रमा का म्हणायचं नाही? एक उत्तर असं, की स्मृती नवीन काही तपासत नाही. ती आधीच्या अनुभवाच्या जिवावर उभी असते. अनुभवाच्या वेळी जे होतं ते ती सांगते, आत्ता ते तसंच आहे का याची ग्वाही ती देऊ शकत नाही. आपल्या संगणकाचं हेच आहे. त्याच्यापाशी दोन प्रकारची उत्तरं असतात. एक, आत्ता मूळ वहीला विचारून आणलेलं. दुसरं, मघाशी विचारलेलं आठवून सांगितलेलं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. दोष शोधणं म्हणजे आपल्या हातात आलेलं उत्तर या दोहोंपैकी कोणतं, हे ओळखणं.

आरंभी ही आठवण मुख्यतः जाळ्यातल्या मोठ्या यंत्रांकडे असे, घरच्या संगणकाकडे नसे. पुढे ती आपल्या टेबलावर आली. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये संगणकाच्या कार्यप्रणालीनं स्वतःच उत्तरं साठवून ठेवायला सुरुवात केली. लिनक्सवर एनएससीडी नावाचा वेगळा सेवक होता, हल्ली बऱ्याच ठिकाणी सिस्टिमडी-रिझॉल्व्हड असतो. ब्राउझर आपला वेगळाच साठा ठेवू लागले. जावा या भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत तर एकदा मिळालेला पत्ता कार्यक्रम चालू असेपर्यंत कायमचा धरून ठेवण्याची रीत होती. त्यामागे हेतू सुरक्षेचा होता, मधेच कुणी खोटा पत्ता घुसवू नये हा. पण परिणाम असा, की मालकानं पाच मिनिटांची मर्यादा लिहिली तरी ऐकणारा ती मानेना.

आणि सगळ्यांत जुनी ती होस्ट्स फाइल, ती गेली का? नाही हो. ती आजही जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे. विंडोजमध्ये सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आत ईटीसी या फोल्डरमध्ये, लिनक्समध्ये थेट ईटीसीखाली. आणि संगणक साधारणपणे आधी तिच्याकडे बघतो, मग बाहेर विचारतो. तीन वर्षांपूर्वी एखाद्या मेकॅनिकनं अडचण तात्पुरती भागवायला त्यात एक ओळ हातानं लिहिली असेल, तर त्या ओळीला आयुर्मर्यादा नाही. मेकॅनिक विसरतो, ओळ विसरत नाही.

इथं एका भावंडाचाही उल्लेख केला पाहिजे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये डेव्हिड प्लमर यांनी एआरपी नावाची पद्धत मांडली. नावावरून आकडा काढणं हे डीएनएसचं काम. पण एकाच खोलीतल्या, एकाच तारेवरच्या यंत्रांना आकड्यावरून यंत्राचा कारखान्यात दिलेला ओळखक्रमांक काढावा लागतो. ते काम एआरपीचं. संगणक तीही यादी जवळ ठेवतो. पण प्लमरनी नोंदी जुन्या झाल्यावर काढण्याची सोय इष्ट आहे असं म्हणून तो प्रश्न त्या पद्धतीच्या कक्षेबाहेर ठेवला. म्हणून इथं आयुर्मर्यादा ज्यानं त्यानं ठरवली. कुठं मिनिटभराच्या आतच नोंदीची फेरतपासणी होते, तर सिस्कोच्या राउटरमध्ये न बदलता ठेवलं तर ही मुदत चार तासांची असते. कचेरीत राउटर किंवा प्रिंटर बदलला, आकडा तोच दिला, आणि काही संगणकांना तो दिसतो, काहींना दिसत नाही, असं झालं तर संशय इकडे घ्यावा.

आणखी एक प्रकार आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या माणसाला फार आवडावा असा आहे. ‘नाही’ हेही संगणक लक्षात ठेवतो. समजा, नवं संकेतस्थळ उद्या सुरू होणार आहे आणि उत्साहानं आपण आजच त्याचं नाव टंकून पाहिलं. वहीत नाव नाही, उत्तर आलं : असं काही नाही. हे ‘नाही’ साठवलं गेलं. उद्या नाव वहीत चढलं, तरी आपल्याकडे काही काळ ‘नाही’च येत राहणार. भाट्ट मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलं. नैयायिकांनी तसं मानलं नाही. पण जमिनीवर घडा नाही हे कळणं आत्ताच्या पाहण्यावर अवलंबून असतं, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. काल घडा नव्हता, एवढ्यावरून आज नाही असं ठरत नाही. १९९८ च्या मार्चमध्ये मार्क अँड्र्यूज यांनी या ‘नाही’च्या साठवणीचे नियम नीट लिहिले. ‘नाही’लाही आयुर्मर्यादा हवी. एक ते तीन तास ठीक, दिवसापेक्षा जास्त ठेवलं तर त्रास होतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून आमचा एक साधा सल्ला : नवं नाव सुरू होण्याआधी उघडून बघायची घाई करू नये.

आता दोष शोधण्याकडे येऊ. आम्ही याला साक्षीदारांची उलटतपासणी म्हणतो. जवळच्या साक्षीदारापासून दूरच्याकडे जायचं.

पहिला प्रश्न : दुसऱ्या वाटेनं काय दिसतं? केंद्रातल्या संगणकावर उघडत नसेल तर मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच नाव उघडा. उघडलं, तर मूळ यंत्र जिवंत आहे हे सिद्ध झालं. ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द तिथंच खोडायचा. दोष या संगणकात नाहीतर या जोडणीच्या वाटेत आहे.

दुसरा : ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, किंवा वेगळा ब्राउझर वापरून बघा. तेवढ्यानं भागलं तर आठवण ब्राउझरची होती.

तिसरा, आणि हा महत्त्वाचा. विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पिंग लिहून जागा सोडून नाव लिहा. जो आकडा येईल तो टिपा. मग एनएसलुकअप लिहून जागा सोडून तेच नाव लिहा. तो आकडा टिपा. पिंग हा संगणकाच्या आठवणीतून जातो, होस्ट्स फाइलही बघतो. एनएसलुकअप ती आठवण टाळून थेट बाहेरच्या नामसेवकाला विचारतो. दोन आकडे वेगळे आले तर बहुधा शिळा पत्ता या संगणकातच आहे. मोठ्या संकेतस्थळांना अनेक आकडे असतात, तेवढा अपवाद लक्षात ठेवायचा.

मग आठवण पुसायची. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग, मोकळी जागा, तिरपी रेघ आणि तिला जोडून फ्लशडीएनएस. पुसण्याआधी बघायचं असेल तर फ्लशच्या जागी डिस्प्ले. लिनक्सवर सिस्टिमडी असेल तर रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस. पुसूनही जुनाच आकडा परत आला, तर होस्ट्स फाइल उघडा. कारण विंडोजची आठवण पुसली तरी त्या फाइलमधल्या ओळी पुन्हा तिच्यात भरल्या जातात. नको असलेली ओळ काढेपर्यंत पुसण्याचा काही उपयोग नाही.

चौथा : पिंग आणि एनएसलुकअप दोघांनीही जुनाच आकडा सांगितला, तर? मग हा संगणक निर्दोष आहे. त्याला उत्तर देणारा शिळं सांगतो आहे. तो खोलीतला राउटर असेल किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा नामसेवक असेल. राउटर बंद करून चालू करा. तरीही तेच, तर दुसऱ्या साक्षीदाराला विचारा. एनएसलुकअप, नाव, आणि पुढे जागा सोडून चार वेळा आठ, मधे टिंबं. हा गूगलचा सार्वजनिक नामसेवक, २००९ पासून चालू आहे. तो नवा आकडा सांगत असेल तर दोष कंपनीच्या साठ्यात. तोही जुनाच सांगत असेल तर एक शक्यता उरतेच, की त्याच्याकडेही जुनी आठवण आहे, किंवा मालकानं मूळ वहीत बदलच केलेला नाही.

हे शेवटचं कसं ओळखायचं? इथं आयुर्मर्यादा उपयोगी पडते. लिनक्सवर डिग नावाची आज्ञा उत्तराबरोबर उरलेले सेकंद दाखवते. तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळानं विचारा. ३०० मग २८० मग २६५ असा आकडा उतरत असेल, तर उत्तर साठ्यातलं आहे. तिची मुदत संपत चालली आहे. प्रत्येक वेळी पूर्ण ३०० च येत असेल, तर आपण बहुधा मूळ वहीशीच बोलतो आहोत. स्मृती आणि अनुभव यांच्यातला फरक आकड्यात दिसण्याची इतकी स्वच्छ सोय आम्हाला दुसरीकडे कुठं आढळली नाही.

लोक म्हणतात, ‘पत्ता बदलला की जगभर पसरायला दोन दिवस लागतात.’ ही भाषा दिशाभूल करणारी आहे. नवा पत्ता कुठंही पसरत नाही. कुणी विचारलं तरच तो जातो. प्रत्यक्षात काय होतं, तर ठिकठिकाणच्या जुन्या आठवणी आपापल्या मुदतीनं संपतात. समजा मर्यादा ८६४०० सेकंदांची आहे. एका नामसेवकानं सकाळी १० वाजता विचारलं आणि मालकानं १० वाजून ५ मिनिटांनी पत्ता बदलला. तो नामसेवक दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत जुनाच पत्ता सांगणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. मालकानंच त्याला दिवसभराची मुभा दिली होती. हे एकदा कळलं, की वाट किती बघायची हे दैवावर सोडावं लागत नाही, हिशोब करता येतो.

आता दोन गोष्टी, म्हणजे चित्र एकांगी राहणार नाही.

शिळी आठवण वेगळी आणि खोटी आठवण वेगळी. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिलं, की नामसेवकाच्या आठवणीत भलताच पत्ता घुसवणं फारसं अवघड नाही. जगभरच्या कंपन्यांना घाईनं दुरुस्ती करावी लागली. शिळं उत्तर एकेकाळी खरं होतं, घुसवलेलं उत्तर कधीच खरं नव्हतं. आठवण पुसल्यावर दोन्ही जातात, पण दुसरं असेल तर ते आलं कुठून हे शोधल्याशिवाय थांबू नये. बँकेचं पान ओळखीचं दिसत नसेल तर ‘जुना पत्ता असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट, शिळं नेहमीच टाकाऊ नसतं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या नामसेवा देणाऱ्या अमेरिकी कंपनीवर मोठा हल्ला झाला. मूळ वह्याच उत्तर देईनात, आणि मागची संकेतस्थळं धडधाकट असूनही अनेकांना उघडेनात. २०२० मध्ये एक नियम लिहिला गेला : मूळ वही उत्तर देत नसेल, तर मुदत संपलेलं उत्तर काही काळ वापरायला हरकत नाही, मूळ वहीला पुन्हा विचारत मात्र राहायचं. आपल्याकडे घरात ताजी भाकरी नसेल तर शिळी खातात, उपाशी निजत नाहीत. पण ताजी समोर असताना कुणी शिळी वाढली तर त्याला जाब विचारतात.

या पन्नास वर्षांच्या इतिहासातून आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. आठवण ठेवणं हा दोष नाही. आठवण नसती तर हे जाळं एक दिवस चाललं नसतं. दोष आहे तो मुदत न लिहिण्यात, आणि लिहिलेली मुदत न पाळण्यात. आणि पत्ता बदलताना पहिली जबाबदारी बदलणाऱ्याची असते, विचारणाऱ्याची नव्हे.

ती जबाबदारी काही अवघड नाही. हलवण्याच्या निदान एक जुनी मुदत आधी, म्हणजे मर्यादा दिवसाची असेल तर दिवसभर आधी, ती ३०० सेकंदांवर आणायची. मग हलवायचं. जुनं यंत्र लगेच बंद करायचं नाही. काही दिवस चालू ठेवायचं, आणि येणाऱ्याला तिथूनच नव्याकडे पाठवायचं. सगळं स्थिर झालं की मर्यादा पुन्हा वाढवायची. आणि आमच्या मते याहून मोठी गोष्ट : ज्या आठवड्यात अर्जाची शेवटची तारीख आहे त्या आठवड्यात हलवायचंच नाही. याला पैसा लागत नाही, पंचांग बघावं तसं वेळापत्रक बघावं लागतं.

कारण शिळ्या पत्त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्या घरी दोन फोन, एक लॅपटॉप आणि ओळखीचा तंत्रज्ञ आहे त्याला दहा मिनिटांचा त्रास होतो. जी मुलगी सेनगावच्या पलीकडून एसटीनं येऊन रांगेत उभी राहते, तिला दिवसाची मजुरी आणि कदाचित एक वर्ष मोजावं लागतं. चूक हलवणाऱ्याची, आणि दंड तिला. सेवा केंद्र चालवणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना म्हणून हात जोडून सांगणं आहे, ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी मोबाइलवर एकदा उघडून बघा. उघडलं तर पिंग, एनएसलुकअप, फ्लश. पाच मिनिटं लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मोबाइलच्याच डेटावर संगणक जोडून तिचा अर्ज भरून टाका आणि मग सावकाश दोष शोधत बसा.

वेळ झाली आहे, आम्ही इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या. पडद्यापलीकडच्या श्रोत्यांनी प्रश्न लिहिताना पिंगचा आकडा आणि एनएसलुकअपचा आकडा दोन्ही लिहावेत, म्हणजे उत्तर अंदाजानं द्यावं लागणार नाही. नमस्कार.